कवळीला लागलेली कीड

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती, आणि ज्यांना कट्टाही मिळाला नव्हता ती पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. व्यासपीठावर एक उंच स्टूल, स्टुलावर काचेचा वाडगा, वाडग्यात पाणी. त्यामागे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतला एक गुळगुळीत माणूस उभा होता. त्याचे दात असे लखलखत होते, की सभागृहातले दिवे मालवले असते तरी कार्यक्रम अडला नसता.

लोक त्याला बत्तिशीबाबा म्हणत.

"हे यंत्र नीट बघा!" हातातला हिरवा दांडा उंच धरून तो म्हणाला. "ना वायर, ना सेल, ना चार्जिंग. विजेचा आवाज आला की कीड घाबरते आणि दातात खोल पळते. डॉक्टर मग काय करतात? खणत बसतात! विहीर खणावी तसे खणतात! हाताच्या शक्तीचं मात्र तिला भय नाही. ती भुलते, डुलते आणि आपल्या पायांनी बाहेर येते."

"किडीला पाय असतात का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुमच्या किडीला नसतील," बाबा म्हणाला, आणि सभागृह हसलं. विचारणारा खाली बसला.

यंत्र दिसायला साधंच होतं. दांड्याला स्टेपलरसारखा एक खटका. तो दाबला की आतली चाकं कर्रकर्र करत, टोकाचा गोल ब्रश गरगर फिरे आणि केसांच्या मधल्या भोकातून दुधासारखा पांढरा द्रव पाझरे. लवंगेचा वास पार शेवटच्या रांगेपर्यंत येई.

बाबाने पुडीतली पांढरी पूड वाडग्यात टाकून ढवळली. पहिल्या रांगेतल्या एका आजींना बोट बुडवायला सांगितलं.

"कोमट झालं की!" आजी ओरडल्या. "आत्ता गार होतं!"

"शक्ती जागी झाली," बाबा पुटपुटला.

मग एका धिप्पाड ट्रकचालकाला खुर्चीत बसवलं. कर्रकर्र, कर्रकर्र. "आता भसकन थुंकायचं नाही. ओठ आवळायचे आणि बारीक धार सोडायची. किडीला वाट चिंचोळीच लागते." ट्रकचालकाने ओठांचा चंबू केला. धार पाण्यात पडली आणि पडता पडताच तिचे पांढरे, मऊ, वळवळते धागे झाले. बाबाने चिमट्याने एक धागा उचलून दिव्यापुढे धरला. तो लोंबकळला, तुटला नाही.

"अगं बाई!" सभागृहाचा श्वास एकदमच आत गेला. ट्रकचालक खुर्चीतच पांढराफटक पडला. "हे... हे माझ्या तोंडात होतं?"

तिसऱ्या रांगेत खारूची आई मांडीवरच्या खारूला घट्ट धरून बसली होती. खारूचं खरं नाव वेगळं होतं, पण पुढचे दोन दात किंचित बाहेर आणि सतत काहीतरी कुरतडायची सवय, म्हणून आजोबांनी तिला खारूताई केलं आणि तेच चिकटलं. तिची खालची दुधाची दाढ किडली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आतली सड काढून दाढ भरावी लागेल, दोनतीनदा यावं लागेल. खारूने खुर्चीत असा आकांत केला होता, की बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं होतं, "झोपताना बाटलीतून गोड दूध देता का अजून?"

एवढंच विचारलं होतं. पण खारूच्या आईच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. देत होती ती. दिवसभराच्या कटकटीनंतर पोर लवकर झोपावी म्हणून देत होती, साखर जरा जास्तच घालून.

"ही बघा लहानगी!" बाबाचं लक्ष खारूकडे गेलं. "ये बाळ. आई, तूही ये. कुणी काय सांगितलं तुला? तुझ्यामुळे झालं म्हणून?"

तिने मान हलवली. हो की नाही, तिलाच कळलं नाही.

"आईच्या हातून लेकराचं वाईट होईल का?" बाबा सभागृहाला म्हणाला आणि मग आवाज उतरवून फक्त तिला म्हणाला, "तुझा काही दोष नाही, आई. दोष किडीचा."

तिचे डोळे भरून आले. त्यानंतर खारूच्या तोंडातून निघालेले धागे तिने पाहिले, पण खरं सांगायचं तर यंत्र तिने त्याआधीच मनात विकत घेतलं होतं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. आप्पा म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेले, तोंडात वरखाली पूर्ण कवळी आणि जीभ मात्र अस्सल धारदार. "वा! दात घासायचे नि वर मनगटाला व्यायाम. किडीचं लग्नही लावून देतो का हा बाबा?"

"आप्पा, थट्टा नको. मी तपासून बघणार आहे."

आणि तिने तपासलंच. ती काही भोळीभाबडी नव्हती, वनस्पतिशास्त्रातली पदवीधर होती. प्रयोग कसा करतात ते तिला ठाऊक होतं. दोन वाट्यांत पाणी घेतलं, दोन्हींत पूड ढवळली. एका वाटीत तिने स्वतःच्या नेहमीच्या ब्रशने, नेहमीच्या पेस्टने दात घासून बारीक धार सोडली. नुसता फेस. दुसऱ्या वाटीत यंत्राने घासून खारूने सोडली. धागेच धागे!

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "माझे दात चांगले आहेत, काही निघालं नाही. हिचे किडलेत, निघाली."

"मग खरंच दिसतंय," नवरा म्हणाला. तो कारखान्याच्या पाळीला निघाला होता आणि त्याला डबा सापडत नव्हता.

तेच यंत्र स्वतःच्या तोंडात घालून पाहावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण पुडक्यावर ठळक लिहिलं होतं, 'एका यंत्राला एकच तोंड.' आणि त्यात चूक काय होती? दुसऱ्याचा ब्रश वापरू नये, हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं. शिवाय, आत कुठेतरी, आपल्या तोंडातून काही निघालंच तर, ही किळसही होती.

दोन दिवसांत खारूचं दुखणं थांबलं. पोर रडायची थांबली, रात्रभर गाढ झोपू लागली. मग खारूच्या आईला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको झालं. जिन्यात, नळावर, किराणा दुकानाच्या रांगेत जो भेटेल त्याला ती सांगू लागली, "मी स्वतः प्रयोग करून पाहिलाय हो. दोन वाट्या घेऊन." बाबाच्या शब्दाला जी माणसं हसली होती, त्यांना दोन वाट्यांपुढे काही बोलता येईना. इमारतीत यंत्रं येऊ लागली. सकाळी जिना चढताना प्रत्येक दारामागून कर्रकर्र ऐकू येई.

समोरच्या दारातल्या वहिनी लॉन्ड्रीत इस्त्री करत. त्यांच्या गुटगुटीत मुलाच्या, भोपळ्याच्या, पक्क्या दाढेत कळ येत होती आणि डॉक्टरीणबाईंकडची वेळ ठरली होती.

"खात्री आहे ना गं तुझी?" वहिनींनी विचारलं. हातात गरम इस्त्री तशीच. "तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. माझं काय, मला कुणीही गंडवतं."

"अगदी खात्री, वहिनी. खारूला बघा ना, गालही भरलाय."

वहिनींनी ठरलेली वेळ रद्द केली.

पुढे पुड्या संपत आल्या, तेव्हा खारूची आई अर्धीच पूड घालू लागली. धागे कमी येऊ लागले, मऊ, तुटके. "कीड हटत चालली," ती आनंदाने म्हणाली. पूड आपणच कमी केली आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मनासारखं उत्तर येत असलं की माणूस पुन्हा प्रश्न विचारायला जात नाही.

आणि एका सकाळी, ती पोळपाट धूत असताना, न्हाणीघरातून खारूची किंकाळी आली. भीतीची नव्हे, आनंदाची.

"आई! आई! आजोबांच्या कवळीला कीड लागली!"

ती धावत गेली. बेसिनपाशी स्टुलावर उभी असलेली खारू, एका हातात आप्पांची खालची कवळी, दुसऱ्या हातात यंत्र. समोर पुडीच्या पाण्याची वाटी, त्यात पांढऱ्या धाग्यांचा गुंता. दारात आप्पा उभे होते, बोळक्या तोंडाने, हातात टॉवेल.

"अगं कार्टे, ती प्लॅश्टिकची आहे!" आप्पा म्हणाले. "प्लॅश्टिकला कशली कीड?"

"पण निघाली ना! ही बघा, आजोबा. केवढी लांब!"

आप्पा खो खो हसत सुटले. मग सुनेच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसता हसता थांबले.

खारूच्या आईने लेकीच्या हातून यंत्र घेतलं. वाटी रिकामी केली, नवं पाणी, पूर्ण पुडी. आणि कुणाच्याही तोंडाला न लावता, वाटीवर नुसतं धरून खटका दाबला. ब्रश गरगरला. थेंब पडले. पाण्याला टेकताच प्रत्येक थेंबाला शेपूट फुटलं.

म्हणजे कीड यंत्रात होती. दातात नव्हतीच. एवढी एकच वाटी करून पाहायची राहिली होती: तोंडाशिवायची.

"खारू," ती खाली वाकली. "आ कर."

तिने टॉर्च धरला. दाढेच्या बुडाशी हिरडीवर वाटाण्याएवढा पिवळसर फोड. जो गाल भरला म्हणून ती जगाला सांगत सुटली होती, तो भरला नव्हता, सुजला होता. तिने बोट लावलं तर कढत.

"दुखतं का गं?"

"नाही. यंत्राने सगळं झोपतं," खारू म्हणाली. "जीभपण झोपते."

जीभपण झोपते. पोरीने हे आधीही सांगितलं होतं. आईने हसून पापा घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी खारूला तपासलं, दाढेचा एक्स-रे काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि सूज उतरल्यावर दाढ काढावी लागेल असं सांगितलं. यंत्र मात्र त्यांनी हातात घेऊन बराच वेळ निरखलं. थेंब बोटांत चोळला, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला.

"लवंगेचं तेल आहे. बधिर करणारं आणखीही काही असावं, ते तपासायला पाठवते. तपासल्याशिवाय नाव घेणार नाही. कळ म्हणजे घंटा असते हो. बाबाने घंटेचा लोलक काढून घेतला, आग तशीच."

"आणि धागे?"

डॉक्टरीणबाई उठल्या. फळीवरून एक डबा काढून रबरी भांड्यात गुलाबी पूड आणि पाणी कालवलं. बघता बघता त्याचा रबरासारखा गोळा झाला. "दातांचं माप घ्यायला आम्ही हे वापरतो. यात समुद्री शेवाळातून काढलेला एक चिकट पदार्थ असतो. बाबाच्या दुधात मला त्याच जातीचं काहीतरी दिसतंय. त्याची गंमत अशी, की कॅल्शियमचा क्षार भेटला की तो थिजतो. थेंब पडला तर गोळी, धार पडली तर धागा. म्हणून तो बारीक धार सोडायला सांगतो. क्षार पुडीत. तो पाण्यात विरघळताना पाणी कोमट होतं, तीच त्याची शक्ती."

खारूची आई त्या गुलाबी गोळ्याकडे बघत राहिली. समुद्री शेवाळ. त्यावर तिने परीक्षेत दोन पानं भरून उत्तर लिहिलं होतं.

"यंत्र तसं वाईट नाही बरं का," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाताने चालतं, आपोआप द्रव सोडतं. चांगला द्रव घातला, तर हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उपयोगी पडेल. दोष यंत्राचा नाही."

"माझा आहे."

डॉक्टरीणबाईंनी डब्याला झाकण लावलं. "झोपतानाचं दूध बंद केलंत?"

"नाही." तिने मान खाली घातली. "दोष किडीचा आहे म्हटल्यावर... चालूच ठेवलं."

"आता बंद करा. खाली पक्का दात तयार होतोय. एक्स-रेत ठीक दिसतोय, पण या पुवाने त्याच्यावर डाग पडला का, ते तो उगवेल तेव्हाच कळेल."

म्हणजे काही वर्षं. तोवर रोज सकाळी टॉर्च धरायचा आणि वाट बघायची. तिने खारूच्या डोक्यावर हात ठेवला; पोर गुलाबी गोळ्याचा ससा करण्यात रंगली होती.

त्या संध्याकाळी बाबाचा पुन्हा कार्यक्रम होता. ती आधी वहिनींच्या दाराशी गेली. कुलूप. भोपळ्याला घेऊन वहिनी सभागृहातच गेल्या होत्या. यंत्रात भरायच्या पांढऱ्या द्रवाची नवी बाटली घ्यायला. ती आप्पांना म्हणाली, "येता का माझ्याबरोबर? कवळी घालून या."

"कवळी घालूनच जातो मी सगळीकडे," आप्पा म्हणाले. "काढायला लावशील तेव्हा काढेन."

बाबा रंगात आला होता. तिला पाहताच त्याने हात पसरले. "या, या! हीच ती शिकलेली आई. हिने स्वतः परीक्षा घेतली आहे!"

"अर्धीच घेतली होती," ती व्यासपीठावर चढत म्हणाली. "उरलेली आता घेते. आप्पा..."

आप्पांनी भरसभेत खालची कवळी काढून हातावर ठेवली. पहिल्या रांगेतल्या आजी किंचाळल्या. तिने यंत्र कवळीवरून फिरवलं, कवळी वाडग्यावर धरून ओघळ सोडला. धागे.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

बाबाचे दात क्षणभर झाकले गेले आणि पुन्हा उघडले. "कवळी कुणाची? माणसाची! माणसाच्या मुखात राहून तिलाही कीड लागते!"

"मग खुर्चीलापण लागत अशेल," आप्पा बोळक्याने म्हणाले. "मी तिच्यावर रोज बशतो."

हशा उसळला. तो ओसरायच्या आत तिने यंत्र वाडग्यावर धरलं. खाली तोंड नाही, कवळी नाही, काही नाही. कर्रकर्र. धागे. मग आप्पांनी खिशातल्या बाटलीतलं नळाचं पाणी पेल्यात ओतलं. कर्रकर्र. पाणी नुसतं दुधाळ झालं. एक धागा नाही.

"यात पुडी नाही," ती म्हणाली. "कीड दातात असती, तर पुडीची काय गरज?" आणि तिने सगळं सांगितलं: यंत्राच्या दुधातलं शेवाळ, पुडीतला क्षार, बारीक धार, बधिर करणारं तेल. खारूच्या हिरडीवरचा फोडही सांगितला. बाबा "यंत्राचा अपमान, यंत्राचा अपमान" म्हणत आपल्या पेट्यांची झाकणं लावू लागला होता.

"पण बाई, जिन्यात उभ्या राहून तुम्हीच तर सांगत होतात!" खिडकीवरून एक माणूस कडाडला. "बाबाचं कोण ऐकत होतं? आम्ही तुमचं ऐकलं!"

"हो."

"आता म्हणता खोटं. उद्या काय म्हणाल?"

तिने यंत्र खाली ठेवलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मला जे खरं असावंसं वाटत होतं, तेवढंच मी तपासलं आणि त्याला प्रयोग म्हटलं. तुम्ही माझ्या पदवीवर विश्वास ठेवलात. तो चुकला. म्हणून आता माझ्यावर ठेवू नका. बाबावरही नको, डॉक्टरीणबाईंवरही डोळे मिटून नको. प्रत्येकाच्या घरी यंत्र आहे, पुडी आहे, नळ आहे. तोंडाशिवाय दाबून बघा. पुडीशिवाय दाबून बघा. आणि पोर काही सांगत असेल तर ते ऐका. माझी सांगत होती."

गर्दीतून वहिनी पुढे आल्या. भोपळ्याचा दंड हातात. त्या वर चढल्या, पिशवीतून आपलं यंत्र काढलं आणि कुणाकडेही न बघता वाडग्यावर दाबलं. मग पेल्यावर दाबलं. दोन्हींकडे पाहिलं.

"मी तुला विचारलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खात्री आहे ना, म्हणून."

"हो, वहिनी."

"होती?"

"नव्हती. हवी होती."

वहिनींनी यंत्र वाडग्याशेजारी ठेवून दिलं. "डॉक्टरीणबाई अजून असतील दवाखान्यात?"

"असतील. मी येते बरोबर..."

"नको," वहिनी म्हणाल्या. "रस्ता माहीत आहे मला. वेळ मीच घेतली होती ना आधी." आणि भोपळ्याला घेऊन त्या गर्दीतून सरळ दाराबाहेर गेल्या. खारूची आई त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. माफ केलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तिच्या मनात आलं आणि लगेच त्याचीही लाज वाटली. बरं वाटायचं म्हणूनच तर हे सगळं झालं होतं.

कुणीतरी तिच्या कोपराला हात लावला. कडेवर तान्हं घेतलेली एक पोरसवदा बाई, हातात कोरं यंत्र, वेष्टनही न काढलेलं.

"ताई, माझं नवीन आहे. यातपण तसंच असेल का हो?"

खारूच्या आईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिने गिळलं, वाडग्यातलं पाणी बदललं आणि वाडगा, पेला, पुडी, सगळं त्या बाईपुढे सरकवलं.

"बाळाला मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही दाबून बघा."